पिंपरीचा प्रश्न : लस घेऊनही लागण का झाली? प्रतिपिंडांचा शंभर वर्षांचा इतिहास

१/२४
५ डिसेंबर २०२१. पिंपरी-चिंचवडमध्ये ओमिक्रॉनचे सहा रुग्ण आढळल्याचे महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेने या नव्या उपप्रकाराला नाव देऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. नायजेरियातून आप्तांना भेटावयास आलेले तिघे आणि त्यांच्या निकट संपर्कातील तिघे, असे हे सहा जण. त्यांच्या नमुन्यांचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. सहापैकी तिघे अठरा वर्षांखालील होते, म्हणून त्यांचे लसीकरण झालेले नव्हते. उरलेल्या तिघांनी मात्र लस घेतली होती : दोघांनी कोव्हिशील्ड, एकाने कोव्हॅक्सिन. एकाला अत्यंत सौम्य लक्षणे होती. बाकी पाचांना काहीच नव्हती.

२/२४
या बातमीने एक प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. भोसरीच्या चहाच्या टपरीपासून चाकणच्या कारखान्यांतील उपाहारगृहांपर्यंत तो त्या वर्षभर विचारला जात होता : "लस घेतली, तरी लागण झालीच ना? मग लसीचा उपयोग काय?"
सहा माणसांवरून लसीची परीक्षा होत नाही. लस न घेतलेल्या मुलांनाही त्रास झाला नव्हता. परंतु प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर देण्यासाठी विज्ञानाला शंभरहून अधिक वर्षे लागली होती. त्या इतिहासातील काही महत्त्वाची पाने पुणे, पिंपरी आणि चाकणच्या याच पट्ट्यात लिहिली गेली.

३/२४
प्रारंभ मुंबईत होतो. १० जून १९१८ रोजी मुंबईतील सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. पहिली लाट ओसरली. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट कितीतरी अधिक संहारक ठरली. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेच्या मार्गांनी साथ दख्खनच्या खेड्यापाड्यांत पोहोचली. हिंदुस्थानात या इन्फ्लुएन्झाने किमान सव्वा कोटी माणसे दगावली असावीत, असे बहुतेक अंदाज सांगतात.

४/२४
त्या काळी शत्रू कोण, हेच ठाऊक नव्हते. इन्फ्लुएन्झा एका जिवाणूमुळे होतो, अशी बहुतेक तज्ज्ञांची समजूत होती. त्यामुळे जगभर अनेक ठिकाणी लसी तयार झाल्या, त्या जिवाणूंच्या. मूळ रोग विषाणूचा असल्याने त्यांनी साथ थांबणे शक्य नव्हते. मात्र ही समजूत सर्वस्वी निराधारही नव्हती. विषाणूने फुप्फुसांचे अस्तर उद्ध्वस्त केल्यावर घशातील नेहमीचे जिवाणू आत शिरत आणि न्यूमोनिया होई. पुढील काळात जतन केलेल्या फुप्फुसांच्या तपासणीतून दिसून आले की १९१८ चे बहुसंख्य मृत्यू या दुय्यम न्यूमोनियाचे होते. दार फोडणारा एक आणि घर लुटणारा दुसरा, असा तो प्रकार होता.

५/२४
दुसऱ्या चोराचा बंदोबस्त पिंपरीत झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आजच्या औद्योगिक नगरीची पायाभरणी ज्या मोजक्या कारखान्यांनी केली, त्यांत 'एचए'चे स्थान अग्रभागी आहे. पण याच शब्दाने एक गोंधळही रुजवला. अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविक. ते जिवाणू मारते. अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड. ते शरीर स्वतः घडवते. सर्दी-तापाच्या विषाणूवर पेनिसिलिनचा काडीचाही परिणाम होत नाही. त्याला अडवणारे मुख्य शस्त्र प्रतिपिंड हेच.

६/२४
या शस्त्राचा शोध बर्लिनमध्ये लागला. १८९० साली एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवले की घटसर्प किंवा धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषाला निष्प्रभ करणारे काहीतरी असते, आणि तो रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला दिल्यास त्यालाही संरक्षण मिळते. हे 'काहीतरी' म्हणजेच प्रतिपिंड. त्याची रचना उलगडण्यास आणखी सात दशके लागली. इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराचे हे प्रथिन आहे. त्याच्या दोन भुजांची टोके ठरावीक शत्रूच्या ठरावीक भागावरच घट्ट बसतात. बुंधा मात्र शरीराच्या इतर संरक्षक पेशींना हाक देतो. रचनेच्या या शोधासाठी रॉडनी पोर्टर आणि जेराल्ड एडलमन यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

७/२४
इन्फ्लुएन्झाचा खरा कारक १९३३ साली सापडला. लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातील पाणी बारीक गाळणीतून गाळले. जिवाणू मागे राहिले. गाळलेले पाणी मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट या प्राण्याच्या नाकात सोडताच त्याला फ्लू झाला. यापुढचा प्रयोग अधिक महत्त्वाचा होता. तेच पाणी फ्लूतून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तद्रवात मिसळून नाकात सोडले, तेव्हा फेरेट निरोगी राहिला. श्वसनमार्गाच्या विषाणूला प्रतिपिंडे निष्प्रभ करू शकतात, याचा हा स्पष्ट पुरावा होता.

८/२४
पण निष्प्रभ करतात म्हणजे नेमके काय करतात? १९४१ साली अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांना एक गोष्ट योगायोगाने आढळली : फ्लूचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतो. त्यात बऱ्या झालेल्या रुग्णाचा रक्तद्रव घातला की गुठळ्या होत नाहीत. अर्थ उघड होता. विषाणूच्या अंगावर पेशीला चिकटणारे हात असतात आणि प्रतिपिंडे नेमकी त्या हातांवर जाऊन बसतात. पेशीला चिकटता आले नाही तर विषाणूला आत शिरता येत नाही. आत शिरता आले नाही तर त्याची संख्या वाढत नाही. करोनाविषाणूचे 'स्पाइक' प्रथिन हा असाच हात. आपल्या पेशींवरील एसीई-२ नावाचा ग्राही तो पकडतो.

९/२४
दुसऱ्या महायुद्धात थॉमस फ्रान्सिस आणि जोनास साल्क यांनी अमेरिकी सैन्यासाठी मृत विषाणूंची फ्लूची लस तयार केली. ती प्रभावी ठरली आणि १९४५ साली नागरिकांसाठीही मान्य झाली. दोनच वर्षांत धक्का बसला. १९४७ च्या साथीत लस घेतलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर होती, तरी फ्लू झालाच. विषाणूने आपल्या हातांचा आकार बदलला होता. जुनी प्रतिपिंडे त्यावर नीट बसत नव्हती. पिंपरीत २०२१ साली विचारल्या गेलेल्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथेच मिळाले होते : कधी कधी लस तीच राहते, पण शत्रू बदललेला असतो.

१०/२४
बदलणाऱ्या शत्रूवर नजर ठेवण्यासाठी प्रयोगशाळा लागतात. १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभारले. आरंभी त्याचा भर डास-गोचिडांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंवर होता. १९७८ मध्ये ते राष्ट्रीय विषाणू संस्था झाले. पुढे इन्फ्लुएन्झाच्या जागतिक देखरेखीतील भारताचे राष्ट्रीय केंद्र म्हणूनही ही संस्था काम करू लागली. कात्रज घाटापासून चाकणपर्यंत कोठेही अनोळखी ताप पसरला, तर नमुना कोठे पाठवायचा, याचे उत्तर हाकेच्या अंतरावर होते. पिंपरीतील त्या सहा नमुन्यांचे निदान तत्परतेने झाले, त्यामागे हा सत्तर वर्षांचा वारसा होता.

११/२४
प्रतिपिंडे तयार झाली म्हणजे काम झाले, हा समज १९६६-६७ मध्ये अमेरिकेत फार महागात पडला. तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांना ग्रासणाऱ्या आरएसव्ही या विषाणूवर फॉर्मेलिनने मारलेल्या विषाणूंची लस तयार करण्यात आली. मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे दिसली. पण विषाणू खरोखर आला तेव्हा एका चाचणीत लस घेतलेल्या बाधित मुलांपैकी ८० टक्के रुग्णालयात दाखल झाली आणि दोन बालके दगावली. लस न घेतलेली मुले तुलनेने सुखरूप होती. ती प्रतिपिंडे विषाणूला चिकटत होती, पण अडवत नव्हती. शिवाय अन्य रोगप्रतिकारक पेशींनी फुप्फुसांत नको तितका दाह माजवला.

१२/२४
या शोकांतिकेचे एक महत्त्वाचे कारण स्पष्ट होण्यास २०१३ साल उजाडले. जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी दाखवले की आरएसव्हीचे पृष्ठप्रथिन पेशीत शिरताना आपला आकार पालटते. शिरण्यापूर्वीच्या आकारावर बसणारी प्रतिपिंडेच सर्वाधिक प्रभावी असतात. जुन्या लसीत मात्र बहुतांश पालटलेला आकार होता. प्रथिनाला मूळ आकारात जखडून ठेवण्याची युक्ती पुढे करोनाच्या अनेक लसींत वापरली गेली. २०२३ साली आरएसव्हीची लसही अखेर अमेरिकेत मान्य झाली. प्रतिपिंडांची संख्या जितकी महत्त्वाची, तितकीच ती कोठे आणि कशी बसतात ही गोष्ट महत्त्वाची असते.

१३/२४
याहून मोठा प्रश्न ठिकाणाचा आहे. दंडात टोचलेल्या लसीने मुख्यतः आयजीजी या वर्गाची प्रतिपिंडे तयार होतात आणि ती रक्तात फिरतात. फुप्फुसांतील वायुकोशांच्या भिंती अतिशय पातळ असतात. तेथे रक्तातील आयजीजी सहज पाझरते. नाक आणि घशाच्या ओलसर अस्तरावर मात्र ते फारच थोडे पोहोचते. तेथे पहारा असतो आयजीए या दुसऱ्या वर्गाचा. अस्तराखालच्या पेशी ते तयार करतात आणि अस्तर ओलांडून बाहेर, श्लेष्म्यात सोडतात. दंडातील सुईने नाकातील हा पहारा फारसा उभा राहत नाही. विषाणू मात्र पहिला हल्ला नाकावरच करतो.

१४/२४
चाकणचा संग्रामदुर्ग डोळ्यांपुढे आणावा. भुईकोट किल्ला, भोवती खंदक, आत तट आणि बुरूज. १६६० साली शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा यांनी हा लहानसा कोट सुमारे दोन महिने लढवला. शत्रू खंदकाशी आला, त्या दिवशी किल्ला पडला नव्हता. बुरूज सुरुंगाने उडाला तेव्हाही आतले मावळे लढतच होते. वेढ्यात खरे मोल असते ते मिळालेल्या अवधीचे. श्वसनमार्गाचेही असेच आहे. नाक म्हणजे खंदक, फुप्फुसे म्हणजे कोट. खंदकात शत्रू उतरला म्हणजे लागण. कोटात शिरला म्हणजे गंभीर आजार. दोन्ही घटनांमध्ये काही दिवसांचे अंतर असते आणि लसीची निम्मी लढाई त्याच दिवसांत होते.

१५/२४
त्या अवधीत काय घडते? लस घेतल्यानंतर काही आठवडे प्रतिपिंडांची पातळी उंच असते. मग ती उतरते, कारण आयजीजीचा एक रेणू रक्तात सरासरी तीनच आठवडे टिकतो आणि तो तयार करणाऱ्या बहुतांश पेशीही अल्पायुषी असतात. पण दोन गोष्टी मागे राहतात. अस्थिमज्जेत दीर्घायुषी पेशींची एक लहान तुकडी प्रतिपिंडे स्रवत राहते. दुसरीकडे स्मृतिपेशी शत्रूचा चेहरा लक्षात ठेवून स्वस्थ बसतात. विषाणू पुन्हा दिसला की तीन ते पाच दिवसांत त्या नव्या प्रतिपिंडांची फौज उभी करतात. नाकात विषाणू वाढण्यास तेवढे दिवसही लागत नाहीत. फुप्फुसे निकामी होण्यास मात्र सहसा आठवड्याहून अधिक काळ लागतो.

१६/२४
ही स्मृती किती टिकते? २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी १९१८ च्या साथीतून वाचलेल्या, ९१ ते १०१ वर्षे वयाच्या ३२ व्यक्तींचे रक्त तपासले. नव्वद वर्षांनंतरही त्यांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे होती. काहींच्या रक्तात ती घडवणाऱ्या पेशीही फिरत होत्या. पुढच्याच वर्षी या जुन्या स्मृतीचा अनुभव जगाला आला. २००९ च्या स्वाइन फ्लूने तरुणांना गाठले, पण अनेक वृद्धांना तुलनेने सोडून दिले. बालपणी भेटलेल्या जुन्या एच१एन१ विषाणूंची आठवण त्यांच्या शरीरात शिल्लक होती.

१७/२४
त्या साथीचे भारतातील केंद्र पुणे ठरले. ३ ऑगस्ट २००९ रोजी देशातील पहिला स्वाइन फ्लूचा मृत्यू येथे झाला. ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. पुण्याच्या नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये काही दिवस शाळा, महाविद्यालये, चित्रपटगृहे बंद ठेवण्यात आली. रुमाल आणि मुखपट्टी बांधलेले दुचाकीस्वार हे दृश्य शहराने प्रथम पाहिले ते तेव्हा, २०२० मध्ये नव्हे. लस उपलब्ध झाली ती मात्र पुढच्या वर्षी.

१८/२४
जून-जुलै २०१० मध्ये दोन भारतीय लसी बाजारात आल्या. झायडस कॅडिलाची लस दंडात टोचायची होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'नॅसोव्हॅक' नाकात फवारायची होती. तिच्यातील दुर्बल, जिवंत विषाणूचा मूळ साचा रशियन शास्त्रज्ञांनी विकसित केला होता. हा विषाणू थंड तापमानाला सरावलेला असल्याने तो नाकाच्या गारव्यात वाढे, फुप्फुसांच्या उबेत नाही. शत्रू जेथे उतरतो त्या खंदकातच पहारा उभा करण्याची ही कल्पना होती. या मार्गालाही मर्यादा होत्या : पूर्वीची प्रतिकारशक्ती असलेल्या प्रौढांत लसीचा विषाणू रुजण्यापूर्वीच अडवला जाऊ शकतो आणि नाकातील आयजीए मोजणे रक्त तपासण्याइतके सोपे नाही.

१९/२४
मार्च २०२० मध्ये करोनाविषाणू पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पोहोचला. राष्ट्रीय विषाणू संस्थेने विषाणू वेगळा केला. त्यातील एक वाण कोव्हॅक्सिन लसीसाठी भारत बायोटेककडे देण्यात आला. मे महिन्यात संस्थेने 'कवच एलायझा' ही रक्तातील आयजीजी शोधणारी देशी चाचणी सिद्ध केली. ऑक्टोबरमध्ये पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाने महानगरपालिकेसह पाच हजारांहून अधिक नागरिकांचे रक्त तपासले. सुमारे एकतृतीयांश लोकांत प्रतिपिंडे आढळली. गृहनिर्माण सोसायट्यांपेक्षा झोपडपट्ट्यांत हे प्रमाण अधिक होते. शहर चालवणाऱ्या कष्टकऱ्यांनी विषाणू आधी झेलला होता.

२०/२४
१६ जानेवारी २०२१ रोजी देशासह पिंपरी-चिंचवडमध्येही लसीकरण सुरू झाले. परंतु लस सर्वांपर्यंत पोहोचण्याआधीच दुसरी लाट आदळली. महाराष्ट्रात प्रथम ठळकपणे दिसलेल्या बी.१.६१७ कुळातील डेल्टा उपप्रकाराने ही लाट देशभर पसरवली. पिंपरीतील अण्णासाहेब मगर मैदानावरचे जम्बो कोविड केंद्र पुन्हा गजबजले. चाकण परिसरातील प्रकल्पांचा प्राणवायू, जो एरवी कारखान्यांत पोलाद कापण्यासाठी जाई, तो रुग्णालयांकडे वळवण्यात आला. माणसे लागण झाल्याने नव्हे, तर फुप्फुसे निकामी झाल्याने मरत होती. म्हणून खंदक की कोट हा भेद त्या एप्रिलमध्ये जीवन-मरणाचा होता.

२१/२४
हा भेद आकड्यांतही उतरला. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत २५,७९८ स्वयंसेवक होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. गंभीर आजारापासून संरक्षण ९३.४ टक्के. लक्षणे असलेल्या आजारापासून ७७.८ टक्के. लक्षणे नसलेल्या लागणीपासून ६३.६ टक्के. एकच लस, एकच चाचणी, तीन वेगळे आकडे. फुप्फुसांपासून नाकाकडे येत जावे तसे संरक्षण पायरीपायरीने उतरत गेले. लस घेतलेल्यांना लागण होणे म्हणजे लस फसणे नव्हे. ते या चाचणीच्या आकड्यांतही स्पष्ट दिसत होते.

२२/२४
त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील डेव्हिड खुरी आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या लसींची आकडेवारी एकत्र मांडली. आजारातून बऱ्या झालेल्या रुग्णांतील निष्प्रभकारी प्रतिपिंडांची सरासरी पातळी त्यांनी मोजपट्टी म्हणून वापरली. लागणीपासून ५० टक्के संरक्षण मिळण्यास त्या पातळीच्या सुमारे २० टक्के प्रतिपिंडे लागतात. गंभीर आजारापासून तेवढेच संरक्षण मिळण्यास सुमारे ३ टक्के पुरतात, असा त्यांचा अंदाज निघाला. काळानुसार पातळी उतरते, तेव्हा पहिले कवच आधी गळते; दुसरे बराच काळ टिकते. त्याला टी-पेशींचीही साथ असते. विषाणूने ग्रासलेल्या पेशी शोधून त्या नष्ट करतात.

२३/२४
आता पुन्हा पिंपरीचे ते सहा जण. ओमिक्रॉनच्या स्पाइकमध्ये तीसहून अधिक बदल होते आणि त्यांतील बरेच नेमके ग्राहीला पकडणाऱ्या भागात होते. १९४७ च्या धड्याची ही पुनरावृत्ती होती. दंडात टोचलेल्या लसीने नाकात पहारा मुळातच थोडा होता, आणि हा उपप्रकार वाढतही वेगाने होता. म्हणून लस घेतलेल्या तिघांनाही लागण झाली. पुढे जगभरच्या नोंदींतून दिसले की ओमिक्रॉनच्या लागणीपासून मिळणारे संरक्षण झपाट्याने घसरले, पण गंभीर आजारापासूनचे कितीतरी अधिक टिकले. चूक झाली ती आश्वासनात. लस म्हणजे अभेद्य भिंत, असे चित्र लोकांपुढे उभे राहिले होते. ते तुटताच अनेकांचा लसीवरचा विश्वासही तुटला.

२४/२४
शोध थांबलेला नाही. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीने देशातील पहिली एमआरएनए लस घडवली; २०२२ मध्ये तिला आपत्कालीन मान्यता मिळाली आणि पुढच्या वर्षी ओमिक्रॉनसाठीची, सुईविना त्वचेत दिली जाणारी लस आली. २६ जानेवारी २०२३ रोजी भारत बायोटेकची नाकावाटे द्यायची लस दाखल झाली. नाकातच विषाणूला थोपवणारी आणि दीर्घकाळ टिकणारी लस मात्र अजून हाती लागलेली नाही. तोवर टपरीवरच्या त्या प्रश्नाचे उत्तर एवढेच : दंडातील लस खंदक पूर्ण राखू शकत नाही, ती मुख्यतः कोट राखते. १९१८ साली मुंबई आणि दख्खनकडे राखायला काहीच नव्हते.
(समाप्त)